लिओनार्दोच्या ‘अंतिम भोजन’ या भित्तिचित्रातील मानवी भावना व प्रतिक्रिया : एक विवेचन

प्रस्तावना

बायबलमधील प्रसंगांवर आधारलेली चित्रे युरोपमध्ये शतकानुशतके काढली गेली. त्यांतील बहुसंख्य चित्रांचा हेतू प्रसंगाची ओळख पटविणे हा होता. निरक्षर भाविकाने भिंतीकडे पाहावे आणि हा अमुक प्रसंग, ही अमुक व्यक्ती असे त्याला कळावे, एवढे साधले की चित्रकाराचे काम झाले असे मानले जाई. पंधराव्या शतकातील इटलीत या अपेक्षेत बदल होऊ लागला. प्रसंग कोणता, या प्रश्नाबरोबरच त्या क्षणी तेथे असलेल्या माणसांना काय वाटले असेल आणि ते त्यांच्या शरीरावर कसे उमटले असेल, हाही प्रश्न चित्रकारांपुढे आला. लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) याने मिलान येथील सांता मारिआ देल्ले ग्रात्सिए या दोमिनिकन मठाच्या भोजनगृहात सुमारे १४९५ ते १४९८ या काळात रंगविलेले ‘अंतिम भोजन’ हे या प्रश्नाला मिळालेले बहुधा सर्वांत परिचित उत्तर आहे.

मात्र हा परिचयच या चित्राच्या अभ्यासातील एक अडचण ठरतो. वसई, मुंबई व गोव्यातील अनेक ख्रिस्ती घरांत जेवणाच्या मेजाजवळ या चित्राची छापील प्रतिकृती टांगलेली आढळते. तिच्यात बहुधा प्रत्येक शिष्याचा चेहरा ठसठशीत असतो; डोळे, भुवया, ओठ सारे स्पष्ट असते. मिलानच्या भिंतीवर तसे नाही. तेथे अनेक चेहरे पुसट झाले आहेत व काही ठिकाणी मूळ रंगाचे केवळ विखुरलेले ठिपके शिल्लक आहेत. मानवी भावनांच्या चित्रणासाठी जगभर वाखाणल्या गेलेल्या कलाकृतीत भावनेचे मुख्य स्थान मानले जाणारे चेहरेच झिजलेले असावेत, आणि तरीही तिचा परिणाम टिकून असावा, ही वस्तुस्थिती विचार करायला लावणारी आहे. प्रस्तुत लेखात या चित्रातील भावना नेमकी कशात साठविलेली आहे आणि ती कशामुळे टिकली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रसंग आणि चित्रपरंपरा

वल्हांडण सणाच्या वेळी येशू आपल्या बारा शिष्यांसह भोजनास बसला असता, तुमच्यापैकीच एक जण माझा घात करील, असे त्याने सांगितले. चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग येतो. पण प्रतिक्रियांचे वर्णन सर्वत्र सारखे नाही. मत्तय व मार्क यांच्या कथनात शिष्य अतिशय खिन्न होतात व प्रत्येक जण तो मी तर नाही ना, असे विचारू लागतो. लूकच्या कथनात ते आपसांत चर्चा करतात. योहानाच्या कथनात ते प्रथम गोंधळून एकमेकांकडे पाहतात, पेत्र खुणेने योहानाला विचारण्यास सुचवितो आणि येशू ताटात बुडविलेला घास यहूदाला देतो. ‘खिन्न होणे’, ‘एकमेकांकडे पाहणे’, ‘खूण करणे’ अशा मोजक्या शब्दांतच सारे वर्णन आटोपते. बारा माणसांपैकी बहुतेकांनी काय केले, हे ग्रंथात नाही. चित्रकाराला स्वातंत्र्य मिळते ते नेमके येथे.

लिओनार्दोच्या पूर्वसूरींनी हे स्वातंत्र्य फारसे घेतले नाही. फ्लॉरेन्समधील सांत आपोलोनिआच्या भोजनगृहात आंद्रेआ देल कास्तान्यो याने १४४७ मध्ये काढलेले चित्र घेतले, तर त्यात शिष्य गंभीर आहेत, काहींच्या मुद्रा चिंतनशील आहेत. परंतु प्रत्येक जण जणू स्वतंत्र कोनाड्यातील मूर्तीसारखा आपल्या जागी बसलेला आहे. प्रसंगातील ताण माणसांपेक्षा त्यांच्या डोक्यावरील संगमरवराच्या उसळत्या नक्षीतच अधिक जाणवतो. दोमेनिको गिर्लांदायो याने १४८० मध्ये ओन्यीसांती येथे काढलेल्या चित्रात वातावरण शांत, जवळजवळ घरगुती आहे. या दोन्ही चित्रांत यहूदा मेजाच्या अलीकडच्या बाजूला, इतरांपासून तोडून एकटा बसविलेला आहे. दोषी कोण हे प्रेक्षकाला पहिल्या दृष्टिक्षेपातच कळते. शिष्यांनाही ते कळावयास हवे होते, असे मग वाटू लागते. कारण सगळ्यांपासून वेगळा बसलेला माणूस समोर असताना, तो मी तर नाही ना, या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

लिओनार्दोनेही आरंभ याच परंपरेपासून केला. विंडसर येथील राजसंग्रहातील रचनेच्या कच्च्या रेखाटनात यहूदा मेजाच्या अलीकडेच आहे. व्हेनिसच्या अकादमीतील रेखाटनातही तो तेथेच आहे आणि योहान मेजावर कोसळलेला आहे. भिंतीवर मात्र यहूदा पलीकडे, इतरांच्या रांगेत गेला. हा बदल वरवर पाहता केवळ आसनव्यवस्थेचा आहे. पण त्यामुळे चित्राचा विषयच बदलला. दोषी कोण, ही माहिती मागे पडली आणि आपल्यातीलच कोणी एक दोषी आहे, या जाणिवेने तेरा माणसांचे काय होते, हे पुढे आले.

मनोव्यापार आणि शरीर

या बदलामागे एक विचारपरंपरा आहे. लेओन बात्तीस्ता आल्बेर्ती याने १४३५ मध्ये लिहिलेल्या चित्रकलाविषयक ग्रंथात, मनाच्या हालचाली शरीराच्या हालचालींवरूनच ओळखता येतात, असे प्रतिपादन केले होते. त्यासाठी त्याने जोत्तोच्या रोममधील एका बायबलविषयक चित्राचा दाखला दिला. त्यात एक शिष्य पाण्यावरून चालत असलेला पाहून नावेतील अकरा जण भयभीत झाले आहेत. भय एकच, पण प्रत्येकाच्या शरीरात ते वेगळ्या रीतीने प्रकटले आहे, याचे आल्बेर्तीला विशेष कौतुक वाटले. ‘अंतिम भोजना’ची कल्पना या दाखल्यात बीजरूपाने आहे, असे म्हणता येईल.

लिओनार्दोने हा विचार अधिक कठोर केला. त्याच्या टिपणांत असा आशय येतो की, चांगल्या चित्रकाराला दोन गोष्टी रंगवावयाच्या असतात, मनुष्य आणि त्याच्या मनातील हेतू. पहिली सोपी, दुसरी अवघड, कारण ती अवयवांच्या हालचालींतूनच दाखवावी लागते. आणि हे शिकावयाचे कोणाकडून, तर मुक्या माणसांकडून, असे तो सुचवितो. ज्यांना वाणी नाही त्यांचे हात इतरांपेक्षा अधिक अचूक बोलतात, हे त्याचे निरीक्षण होते.

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे नाट्यशास्त्रातील ‘अनुभाव’ ही संकल्पना आठवणे स्वाभाविक आहे. चित्तातील भाव प्रत्यक्ष दिसत नाही. तो कटाक्ष, हस्तविक्षेप, अंगाचे आकुंचन अशा बाह्य खुणांतून प्रेक्षकापर्यंत पोहोचतो, ही दोन्हीकडील समान भूमिका आहे. मात्र साम्य येथेच थांबते. नाट्यशास्त्रातील अभिनयाचे संकेत बांधलेले असतात व जाणकार प्रेक्षकाला ते ठाऊक असतात. लिओनार्दोला संकेतांचा कोश नको होता. तो रस्त्यावर, बाजारात, भांडणात माणसे न्याहाळीत असे, त्यांच्या हालचाली छोट्या वहीत टिपून ठेवण्याचा सल्ला इतर चित्रकारांनाही देत असे. त्यामुळे त्याच्या चित्रातील हस्तविक्षेपांना अर्थ आहे. पण तो एकच आणि ठरलेला नाही. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील एका टिपणवहीत या चित्रासाठी त्याने केलेली एक छोटी नोंद आहे. तिच्यात कोणाचेही नाव नाही, फक्त कृती आहेत. पाणी किंवा मद्य पिता पिता एक जण पेला खाली ठेवून बोलणाऱ्याकडे वळतो. दुसरा बोटे एकमेकांत गुंफून, कपाळाला आठ्या घालून शेजाऱ्याकडे पाहतो. तिसरा तळहात उघडे दाखवून खांदे कानांपर्यंत उचलतो. एक जण शेजाऱ्याच्या कानात काही सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या एका हातात सुरी, दुसऱ्या हातात अर्धी कापलेली पाव तशीच राहते. आणखी एक जण सुरीसह वळताना मेजावरचा पेला उलटा करतो. ही सर्व अर्धवट राहिलेली कामे आहेत. आघात झाला की माणूस प्रथम रडत नाही किंवा ओरडत नाही. हातातले काम थांबते. भावना ओळखण्याची ही दृष्टी चित्रकाराइतकीच मानसशास्त्रज्ञाचीही आहे. भिंतीवर येईपर्यंत यातील बरेच वगळले गेले. पेला ठेवणारा माणूस तेथे सापडत नाही, उघड्या तळहातांचा माणूस अंद्रिया झाला, सुरी पेत्राच्या हातात गेली आणि कलंडलेल्या पेल्याऐवजी यहूदाच्या हातापाशी मीठदाणी कलंडली.

शब्दाची लाट

सुमारे ४६० सेंटिमीटर उंच व ८८० सेंटिमीटर रुंद असलेल्या या चित्रात बारा शिष्य तिघा-तिघांच्या चार गटांत विभागलेले आहेत. प्रेक्षकाच्या डावीकडून पाहिल्यास बर्थलमय, अल्फीचा मुलगा याकोब व अंद्रिया, त्यानंतर यहूदा, पेत्र व योहान, मध्ये येशू, मग थोमा, जब्दीचा मुलगा याकोब व फिलिप्प, आणि शेवटी मत्तय, तद्दय व शिमोन असा क्रम आहे. ही ओळख मुख्यतः स्वित्झर्लंडमधील पोन्ते काप्रिआस्का येथील चर्चमधल्या सोळाव्या शतकातील प्रतीवर नावे लिहिलेली असल्यामुळे निश्चित झाली.

पाण्यात दगड टाकला असता वर्तुळे पसरत जातात, त्याचप्रमाणे ध्वनी हवेत पसरतो, असे लिओनार्दोने १४९० नंतरच्या एका टिपणवहीत नोंदविले आहे. पॅरिसच्या इन्स्टिट्यूट द फ्रान्समध्ये ती वही आहे. ‘अंतिम भोजना’तील प्रतिक्रिया या नोंदीच्या प्रकाशात वाचल्या तर रचनेचे एक सूत्र हाती लागते. येशूचे वाक्य नुकतेच संपले आहे. त्याच्या निकटचे गट त्या वाक्याने थेट हादरले आहेत. त्याच्या डाव्या हाताशी बसलेला याकोब दोन्ही हात फाकून मागे ढकलला गेल्यासारखा दिसतो. त्याच्या पसरलेल्या हातांमुळे मागच्या दोघांना जणू अडसर झाला आहे. थोमा त्याच्यामागून डोके पुढे काढून एक बोट वर उगारतो. फिलिप्प उठून उभा राहिला आहे आणि दोन्ही हात स्वतःच्या छातीशी नेऊन वाकला आहे. तिघांपैकी एकाची प्रतिक्रिया धक्क्याची, दुसऱ्याची शंकेची आणि तिसऱ्याची शपथेवर निर्दोषत्व सांगण्याची आहे.

मेजाच्या टोकांना मात्र वेगळेच घडते आहे. उजव्या टोकाला मत्तय व तद्दय वृद्ध शिमोनाकडे वळून त्याला काही विचारीत आहेत. शिमोन हात पुढे करून, मलाही ठाऊक नाही, अशा भावात बसला आहे. डाव्या टोकाला बर्थलमय मेजावर दोन्ही हात टेकवून उभा राहिला आहे आणि पुढे झुकला आहे. तो रागावलेला नाही, घाबरलेलाही नाही. त्याला नीट ऐकू आलेले नाही, किंवा ऐकलेले खरे वाटत नाही. म्हणजे मध्यभागी दुःख व धक्का, आणि कडेला अजून केवळ ‘काय म्हणाला?’ ही विचारणा. एकाच स्थिर चित्रात काही क्षणांचा काळ पसरलेला आहे. भावना येथे एका माणसाच्या मनात साठलेली नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे जात आहे.

ती जाते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. डावीकडील याकोबाचा हात अंद्रियाच्या पाठीमागून पेत्रापर्यंत पोहोचतो. पेत्राचा डावा हात योहानाच्या खांद्यावर आहे. उजवीकडे मत्तयाचे दोन्ही हात येशूच्या दिशेने आहेत, पण तोंड शिमोनाकडे आहे. जे मध्यभागी घडले ते तो हातांनी टोकापर्यंत वाहून नेतो. चारही गट असे हातांनी एकमेकांना जोडलेले आहेत. जोडलेला नाही तो फक्त मध्यभागी बसलेला येशू. त्याच्या व योहानाच्या मध्ये एक रिकामी, उलट्या त्रिकोणासारखी जागा पडली आहे. पूर्वीच्या चित्रांत योहान येशूच्या छातीवर विसावलेला असे; येथे तो पेत्राकडे कलला आहे, हात गुंफलेले आहेत, डोळे मिटल्यासारखे आहेत. (२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने ही व्यक्ती मरीया मग्दालिया असल्याची कल्पना लोकप्रिय केली. योहान हा सर्वांत तरुण, दाढी न फुटलेला व कोमल चेहऱ्याचा दाखविण्याची प्रथा फ्लॉरेन्समध्ये लिओनार्दोच्या आधीपासून रूढ होती, एवढे सांगितले की तो वाद येथे पुरेसा मिटतो.)

यहूदा

या साऱ्या खळबळीत एकाच माणसाला प्रश्न पडलेला नाही. यहूदाला उत्तर माहीत आहे. लिओनार्दोने त्याला काळे वलय दिले नाही, वेगळे बसविले नाही. केवळ त्याच्या शरीराची दिशा बदलली. इतर शिष्य बोलणाऱ्याकडे किंवा एकमेकांकडे झेपावत असताना तो मागे सरकतो. त्याचे डोके शेजाऱ्यांपेक्षा खाली आहे व चेहऱ्यावर सावली आहे. उजव्या हाताने त्याने पैशांची थैली घट्ट धरली आहे, डावा हात ताटाकडे निघालेला आहे, आणि त्याच ताटाकडे पलीकडून येशूचा उजवा हात येत आहे. दोन हातांमधील ती काही बोटांची जागा हे चित्रातील सर्वांत तणावपूर्ण ठिकाण आहे. ताटात माझ्याबरोबर हात घालणारा, या मत्तयाच्या शुभवर्तमानातील खुणेचे हे दृश्य रूप. पण शिष्यांपैकी कोणीही तिकडे पाहत नाही. ते फक्त प्रेक्षकाला दिसते.

त्याच्या मागे पेत्राचा सुरी धरलेला हात उलट दिशेला वळलेला आहे. हा हात कोणाचा, असा संभ्रम अनेकांना पडतो. विंडसर येथील पेत्राच्या बाहूचा अभ्यास पाहिला की तो दूर होतो. पुढे गेथशेमाने बागेत पेत्र तलवारीने मल्खाचा कान कापतो. त्या क्रोधाची पूर्वसूचना येथे आहे. पेत्र योहानाच्या कानाशी झुकताना नकळत यहूदालाच पुढे ढकलतो, ही योजना विलक्षण आहे. अपराध्याला कोण, हे न जाणताच त्याला उजेडाबाहेर रेटणारा त्याचा सोबती, असे नाट्य शब्दांत उभे करावयाचे तर पानभर मजकूर लागला असता.

येशूचे हात : एक वाद

आतापर्यंतचे विवेचन हे चित्र विश्वासघाताच्या घोषणेचे आहे, असे गृहीत धरून केले आहे. जर्मन कवी गटे याने १८१७-१८ च्या सुमारास लिहिलेल्या निबंधाने हा अर्थ युरोपभर रूढ केला. शांत मेजावर एक वाक्य पडते आणि सारे ढवळून निघते, असे त्याचे वाचन होते; इटालियन माणसाचे सर्व शरीर, विशेषतः हात, बोलण्यात भाग घेतात हेही त्याने हेरले होते. १९७३ मध्ये अमेरिकी कलेतिहासकार लिओ स्टाइनबर्ग याने या वाचनाला मोठे आव्हान दिले व २००१ च्या आपल्या ग्रंथात ते विस्ताराने मांडले. त्याच्या मते या चित्रात भाकर व द्राक्षारस यांच्याद्वारे ख्रिस्तप्रसादाची स्थापनाही होत आहे. येशूचा उजवा हात ताटाबरोबरच पेल्याकडे आणि उघडा डावा हात भाकरीकडे जातो. मग शिष्यांच्या हालचालीही दुहेरी होतात. फिलिप्पाचे छातीवरचे हात निर्दोषत्वाची ग्वाही देतात, तसेच भक्तिभावही दाखवितात. अंद्रियाचे उघडे तळहात भयाचे असतील किंवा विस्मयाचे. थोमाचे वर केलेले बोट विचारते आहे. तेच बोट पुढे पुनरुत्थित ख्रिस्ताच्या जखमेची खात्री मागणार आहे.

हा वाद केवळ कलेतिहासातील तज्ज्ञांपुरता नाही. या चित्रातील भावना लौकिक आहे की धार्मिक, हा त्यातील खरा प्रश्न आहे. मत्तय व मार्क यांच्यात घातकाची घोषणा आधी व भाकर-द्राक्षारसाचा प्रसंग नंतर येतो. लूकमध्ये क्रम उलटा आहे. योहानात भाकर-द्राक्षारसाचा प्रसंगच नाही. ग्रंथांतच क्षण एक नाही, तेव्हा चित्रकाराने एकच क्षण निवडलाच पाहिजे असा आग्रह कशासाठी, हा स्टाइनबर्गच्या बाजूचा सबळ मुद्दा आहे. दुसरीकडे, पेत्राची सुरी व यहूदाचे मागे सरणे यांचा अर्थ ख्रिस्तप्रसादाच्या आधारे लागत नाही. गटेच्या वाचनात मात्र येशूची शांतता अडचणीची ठरते. योहानाच्या कथनानुसार येशू त्या वेळी आत्म्यात व्याकूळ झाला होता. चित्रातील येशू व्याकूळ नाही. डोळे झुकलेले, हात मेजावर सैल सोडलेले, मागे खिडकीतले उजळ आकाश. खोलीच्या सर्व रेषा त्याच्या उजव्या कानशिलापाशी येऊन मिळतात, आणि तेथे चित्रकाराने दोरी बांधण्यासाठी ठोकलेल्या खिळ्याचे भोकही सापडले आहे. ज्याने वाक्य उच्चारले तो प्रतिक्रियेच्या पलीकडे आहे. तो आता देण्याच्या कृतीत आहे. दोन्ही अर्थ स्वीकारले तर धक्का आणि अर्पण एकाच मेजावर येतात, आणि हेच वाचन चित्राला अधिक न्याय देते. भिंतीखाली रोज मौनात जेवणाऱ्या दोमिनिकन साधूंना यातील कोणताही एक अर्थ वगळण्याचे कारण नव्हते.

संथ हात आणि कोरडी भिंत

मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्त्साने सोपविलेले हे काम लिओनार्दोने कसे केले, याचे वर्णन मात्तेओ बांदेल्लो या कथाकाराने केले आहे. त्याचा चुलता या मठाचा प्रमुख होता व बांदेल्लो तेव्हा लहान होता. त्याच्या सांगण्यानुसार लिओनार्दो कधी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अन्नपाणी विसरून रंगवीत असे. कधी दिवसचे दिवस ब्रशाला हात न लावता केवळ चित्राकडे पाहत उभा राही. कधी भर उन्हात येऊन एखाद्या आकृतीवर एक-दोन फटकारे मारून निघून जाई. जॉर्जो वासारीने सांगितलेली मठाधिपतीच्या तक्रारीची कथा प्रसिद्धच आहे. यहूदासाठी योग्य चेहरा सापडत नाही, सापडलाच नाही तर तक्रार करणाऱ्या मठाधिपतीचाच चेहरा वापरता येईल, असे लिओनार्दोने ड्यूकला सांगितले म्हणे. कथा रंगविलेली असू शकेल. पण चेहरा शोधण्याचा ध्यास खोटा नसावा. विंडसर येथील यहूदा, फिलिप्प, बर्थलमय व याकोब यांच्या मस्तकांचे अभ्यास त्याची साक्ष देतात.

अशा संथ, फेरफार करीत जाणाऱ्या कामाला ओल्या गिलाव्यावरील फ्रेस्को पद्धत उपयोगाची नव्हती. त्या पद्धतीत दिवसभरात जेवढे रंगविता येईल तेवढाच गिलावा लावावा लागतो आणि तो वाळण्याच्या आत काम संपवावे लागते. वाळताना रंग चुन्यात कायमचा बांधला जातो. लिओनार्दोने त्याऐवजी कोरड्या भिंतीवर सफेद्याचा थर देऊन त्यावर टेंपेरा व तैलरंगांनी काम केले. छटेवर छटा चढविता आली, सावल्या हळुवार करता आल्या, चेहरा पुन्हा पुन्हा बदलता आला. मात्र रंग भिंतीचा झाला नाही. तो भिंतीवर राहिला. मिलानच्या ओलाव्यात तो पोपडे धरून सुटू लागला. १५१७ मध्येच अंतोनिओ दे बेआतीस या प्रवाशाने चित्र खराब होऊ लागल्याचे नमूद केले आणि १५६६ मध्ये वासारीला तेथे डागांखेरीज फारसे दिसले नाही. समोरच्या भिंतीवर जोव्हान्नी दोनातो दा मोंतोर्फानो याने १४९५ मध्ये रीतसर फ्रेस्को पद्धतीने काढलेले क्रूसारोहण मात्र पुष्कळ सुस्थितीत आहे. ते पाहण्यासाठी कोणी मिलानला जात नाही, ही गोष्ट वेगळी.

थोडक्यात, ज्या सूक्ष्म भावासाठी ही पद्धत निवडली गेली, त्या सूक्ष्म भावाचाच बळी तिने आधी घेतला. ओठांच्या कडा, पापण्यांवरील सावली हे सर्वांत नाजूक थर सर्वांत आधी गेले. पुढे १६५२ मध्ये मेजाखालून दार काढताना येशूचे पाय कापले गेले. १७२६ व १७७० मध्ये दुरुस्तीच्या नावाखाली नवे रंग चढले. ऑगस्ट १९४३ मधील बॉम्बवर्षावात भोजनगृहाचे छत व एक भिंत कोसळली, पण वाळूच्या पोत्यांनी झाकलेली चित्राची भिंत उभी राहिली. पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन यांच्या नेतृत्वाखाली वीस वर्षांहून अधिक काळ चाललेले संवर्धन मे १९९९ मध्ये पूर्ण झाले. त्यात नंतरचे रंग काढून टाकण्यात आले आणि जेथे मूळ काहीच उरले नव्हते तेथे फिकट जलरंगाची छटा देण्यात आली. तोतया चेहरे गेले; काही जागी खरे तुकडे प्रकटले, काही जागी पोकळी. एवढी पोकळी ठेवणे योग्य होते का, यावर तेव्हा बरीच टीका झाली. परंतु पूर्वीच्या जीर्णोद्धारकांनी चढविलेल्या मुद्रा लिओनार्दोच्या म्हणून वाचत राहण्यापेक्षा ही पोकळी अधिक प्रामाणिक आहे.

प्रतींतून पोहोचलेले चित्र

चेहरे असे विरळ झाले तरी चित्राचा भाव पोहोचतच राहिला, तो प्रतींमधून. सुमारे १५२० मध्ये जांपिएत्रीनो या लिओनार्दोच्या अनुयायाने कॅनव्हासवर केलेली मोठी प्रत लंडनच्या रॉयल अकादमीच्या संग्रहात आहे. तिचा वरचा भाग राहिलेला नाही. पण येशूचे पाय, यहूदाच्या हाताशी कलंडलेली मीठदाणी असे मूळ भिंतीवरून नाहीसे झालेले तपशील तिच्यात आहेत, आणि संवर्धकांनाही त्यांचा उपयोग झाला. राफाएल्लो मोर्गेन याच्या १८०० मधील कोरीव मुद्राचित्राने हे दृश्य युरोपातील घराघरांत पोहोचविले. अशा मुद्राचित्रांतील गुळगुळीत, किंचित गोडसर चेहरेच पुढे छापील प्रतिकृतींत आले. म्हणून भिंतीवरच्या तसबिरीत दिसणारी योहानाची वा फिलिप्पाची मुद्रा बऱ्याच अंशी नंतरच्या कारागिरांची आहे, याची जाणीव वर्गात हे चित्र दाखविणाऱ्या अध्यापकाने ठेवणे आवश्यक आहे. चेहऱ्यांवरून भाव वाचण्याचा स्वाध्याय द्यावयाचा असेल तर विंडसरची रेखाटने अधिक विश्वसनीय आहेत.

याबाबत रेम्ब्रांटचे उदाहरण बोलके आहे. तो इटलीत कधी गेला नाही. ‘अंतिम भोजन’ त्याने पाहिले ते एका मुद्राचित्रातून, म्हणजे रंग नाही, छटा नाही, चेहऱ्यातील बारकावे जवळजवळ नाहीत, अशा स्थितीत. १६३४-३५ च्या सुमारास त्याने लाल खडूने केलेले त्याचे रेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आधी हलक्या रेषांनी त्याने आकृत्या मांडल्या आणि मग त्यांवरच जोरकस, भरड रेषा ओढून त्या आपल्या मनाप्रमाणे बदलल्या. त्या भरड रेषांतही माणसांचे कलणे, वळणे आणि हातांची धावपळ शिल्लक आहे, आणि त्या गर्दीत मधला माणूस स्थिर बसलेला आहे.